बंदुका जमवणारी माणसे : प्रस्तावना

१६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या ताब्यात आला. बऱ्हाणपूरपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून बसलेला हा किल्ला. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारे सैन्य याच्या पायथ्याखालूनच जायचे, म्हणून लोक याला दख्खनचा दरवाजा म्हणत. गड उतरल्यावर मोगलांनी आतल्या सामानाची मोजदाद केली. मोगल बखरकार फैजी सरहिंदीने दिलेला तोफांचा आकडा तेराशेचा आहे. लहानमोठ्या सगळ्या त्यात आल्या, आणि त्यातल्या काही वापरातून गेलेल्या होत्या हेही त्याने लिहून ठेवले आहे. गड फितुरीने पडला की आतल्या रोगराईने, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तेराशे तोफांनी तो वाचवला नाही, यावर मात्र वाद नाही.

त्या वापरातून गेलेल्या तोफांपाशी मी थांबतो. धातू महाग होता, ओतकाम करणारे कारागीर खाली बऱ्हाणपुरात होते, निकामी तोफ वितळवून नवी करणे सहज शक्य होते. तरी गडाच्या आधीच्या मालकांनी, फारुकी घराण्याने, त्या गडावर राहू दिल्या. कोणती तोफ कोणत्या सुलतानाने आणली, कोणती कुठल्या लढाईत हाती लागली, हे सांगणारे कोणीतरी गडावर असणार. ती वितळवणे म्हणजे ती गोष्ट पुसणे. पुढच्या पानांचा विषय हाच आहे, फक्त किल्ल्याच्या जागी घर आहे आणि तोफांच्या जागी बंदुका आहेत. बंदूक टेकवायची ती एकाच खांद्याला आणि डोळा लावायचा तोही एकच. रानात जाताना तो एक बंदूक नेतो, फार तर बरोबरच्या माणसाच्या हाती दुसरी देतो. मग काही घरांत तीस, काही वाड्यांत तीनशे बंदुका का जमतात?

याची तयार उत्तरे बरीच आहेत. कोणी म्हणतो भीती, कोणी मिरवण्याची हौस, कोणी सरळ वेड म्हणून मोकळा होतो. प्रत्येकात थोडे तथ्य आहे. पण आपल्या मुलखातली घराणी, कायदे आणि कारागीर एकत्र पाहिले की मला वेगळेच दिसते. बंदुकांचा मोठा संग्रह बहुधा तिथे उभा राहतो जिथे मालकाला काहीतरी हिरावले जाण्याचे भय असते. शत्रूचे भय एका बंदुकीने भागते. दर्जा जाईल, जमीन जाईल, उद्या ही बंदूकही सरकार मागून घेईल, हे भय मात्र कितीही बंदुकांनी भागत नाही, आणि म्हणूनच ढीग वाढत राहतो. बऱ्हाणपूर हे समजून घ्यायला फार चांगली जागा आहे, कारण इथे तोफा ओतल्या गेल्या, शिकारखाने वसले, राजवटी बदलल्या, आणि आजही याच जिल्ह्यात हाताने पिस्तुले घडवणारे गाव आहे.

असीरगडच्या मोहिमेत अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल स्वतः होता. त्याच्या ऐन-ए-अकबरीत बादशहाच्या बंदुकांचे जे प्रकरण आहे ते मी आपल्याकडचे संग्राहकाचे पहिले टाचण मानतो. हजारो बंदुकांतून निवडलेल्या एकशे पाच बंदुका ‘खासा’ म्हणजे बादशहाच्या स्वतःच्या. त्यांच्या पाळ्या लावलेल्या: बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या तीस, दिवसांच्या बत्तीस, आणि एकतीस राखीव. महिन्याची पाळी संपलेली बंदूक अकरा महिन्यांनी परत यायची. सगळ्यांत वरची ‘संग्राम’. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणारा जयमल पडला तो तिच्याच गोळीने असे मानतात, आणि तिने टिपलेल्या जनावरांची संख्या अबुल फझल १०१९ देतो.

पण या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. बंदुकीवर काय काय कोरायचे याची यादी तिथे आहे: कच्च्या आणि घडवलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कुठून आणले, घडवणारा कारागीर कोण, बंदूक कुठे घडली, कधी घडली, आणि तिचा क्रमांक. मालकाच्या शेजारी कारागिराचे नाव. पुढच्या चारशे वर्षांत आपण यातला फक्त क्रमांक राखला.

बादशहाला हे सगळे कशाला हवे होते? रोज एक याप्रमाणे बत्तीस बंदुका वापरायची गरज कोणत्याच शिकाऱ्याला नसते. गरज होती ती वेळापत्रकाची. बादशहाच्या हातात आज कोणती बंदूक आहे हे दरबाराला कळले पाहिजे, तिला नाव पाहिजे, तिचा मान पाहिजे. बंदूक दिली जायची तीही मान म्हणून. सरदाराला खिलतीबरोबर तलवार, घोडा, हत्ती मिळे, तसे हत्यार मिळणे म्हणजे धन्याने विश्वास टाकणे. ज्याच्या घरी अशी पाच हत्यारे, त्याच्यावर पाच वेळा विश्वास टाकला गेला. घरातले हत्यार मोजणे म्हणजे मर्जी मोजणे, ही सवय तिथून आली.

मराठ्यांनी ही सवय पुरेपूर उचलली. निजामाविरुद्धच्या उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि शहर १८६० पर्यंत शिंद्यांकडे राहिले. या शहरातले मराठी बोलणे, वाडे, देवळे ही सगळी त्या शंभर वर्षांची शिल्लक. इंग्रजांनी मग दर्जा मोजण्याचे माप अगदी उघड करून टाकले: तोफांच्या सलामीची संख्या. ग्वाल्हेर आणि बडोदा एकवीस तोफा, कोल्हापूर आणि इंदूर एकोणीस, धार आणि देवास पंधरा, सावंतवाडी नऊ. संस्थानिक किती मोठा, हे बंदरावर किंवा स्टेशनावर उतरताच कानांनी मोजता यायचे, आणि ती संख्या वाढवणे-घटवणे सर्वस्वी इंग्रज सरकारच्या हाती. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी चांदीच्या तोफा करवल्या, तर त्यांचे भाऊ मल्हारराव यांनी सोन्याच्या. सोन्याच्या तोफेने लढाई होत नाही हे दोघांनाही पक्के माहीत होते. मल्हाररावांना १८७५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढले तेव्हा त्या तोफा काहीही करू शकल्या नाहीत. इंग्रजही तोफा शोभेला ठेवण्यात मागे नव्हते. १६६३ मध्ये बऱ्हाणपुरात ओतलेली, अंगभर नक्षी आणि फारसी लेख असलेली एक थोर तोफ त्यांनी असीरगडावरून उतरवली आणि नागपुरात चीफ कमिशनरच्या बंगल्यासमोर नेऊन ठेवली.

तंजावरची हकीकत मला यापेक्षा जास्त लागते. भोसल्यांच्या त्या मराठी राज्यात पिढ्यान्‌पिढ्या जमलेले शस्त्रागार होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, राज्य खालसा झाले, आणि शस्त्रागार सरकारजमा झाले. निवडक हत्यारे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, ती आजही चेन्नईत आहेत. बाकीच्यांतली पुष्कळशी मोडीत निघाली. कोणी कोणासाठी काय घडवले होते याचा हिशेब त्या भंगाराबरोबर गेला. ज्या संस्थानिकांनी हे ऐकले असेल त्यांनी आपापल्या शस्त्रागाराला नव्याने कुलपे घातली असतील तर मला नवल वाटणार नाही.

१८७८ चा हत्यारांचा कायदा इथे कळीचा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना सूट, संस्थानिकांना आणि काही बड्या मंडळींना सूट, बाकीच्यांनी अर्ज करायचा. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले, टिळकांनी त्यावर टीका केली. निमाडात तर हीच वर्षे टंट्या भिल्लाची. १८७८ पासून १८८९ मध्ये जबलपूरला फाशी जाईपर्यंत तो खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूरच्या रानांत सरकारला झुंजवत राहिला. बंदूक कोणाच्या हाती असावी हा प्रश्न इथल्या साहेबाला रोजचा होता.

कायद्याचा एक परिणाम सरकारच्या बेतात नसावा. बंदूक दुर्मीळ झाली, आणि जी घरात उरली ती आपोआप सनद झाली. मालगुजाराच्या, पाटलाच्या, देशमुखाच्या ओसरीवर टांगलेली दुनळी आल्यागेल्याला सांगू लागली, की या माणसाला साहेब ओळखतो. एक परवाना मिळाला की दुसरा मिळवायचा, मुलाच्या नावे तिसरा. वाघ मारायला नव्हे, शेजारच्या गावच्या मालगुजाराकडे तीन आहेत म्हणून.

उलट जिथे बंदुकीला परवान्याची ही झालर लागली नाही, तिथे चित्र निराळे. कोडगूतल्या कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. कैलपोद्दच्या सणाला ते बंदुकांची पूजा करतात, घरात बाळ जन्मले तर बार काढतात. तिथे बंदूक घराच्या रीतीत आहे, मर्जीचा पुरावा म्हणून नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. रानडुकरे आणि वानरे हाकायची, पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बाहेर काढायची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची. दुसरी घ्यावी असे त्या शेतकऱ्याच्या मनातही येत नाही.

शिकारीचा भाग मात्र टाळता येणार नाही, कारण मोठे संग्रह खरे वाढले ते शिकारीने. बऱ्हाणपुरात तापीच्या पलीकडे जैनाबादला आहुखाना आहे, मोगलांचा हरणांचा बाग. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी तिथेच दफन केले होते, आग्र्याला नंतर नेले. शिकारीचा हिशेब ठेवण्याची हौस या घराण्याला पिढीजात होती. जहांगीरने वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा आकडा काढवून घेतला: २८,५३२ जनावरे, त्यातली १७,१६७ स्वतःच्या हाताने. विसाव्या शतकात मध्य भारतातल्या सरगुज्याच्या महाराजांनी आपण मारलेल्या वाघांची संख्या ११५० सांगितली. हे आकडे वाचताना मला पोटात कालवते. पण संग्राहकाचे मन समजून घ्यायचे तर हे पाहावेच लागते, की इथे बंदुका आणि जनावरे एकाच वहीत मोजली जात होती.

शिकारीत एकाहून अधिक बंदुकांना कारणही होते. तितराला छऱ्यांची बारा बोअर चालते, चितळाला हलकी रायफल, आणि गव्यासमोर किंवा जखमी वाघामागे जाणाऱ्याला दुनळी रायफल लागते, कारण दुसरी गोळी भरायला वेळ मिळत नाही. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्‌स, रिग्बी ही लंडन-बर्मिंगहॅमची नावे आपल्या संस्थानिकांच्या घरात सराफांच्या नावांसारखी घेतली जात. तिथला कारागीर गिऱ्हाइकाच्या हाताची लांबी, मानेचा कल आणि गालाचे हाड मोजून दस्ता तासून देई. म्हणजे ती बंदूक त्या एका देहाची. आजोबांची बंदूक खांद्याला लावल्यावर नातवाला ती जरा लांब पडते आणि त्या फरकात त्याला आजोबा किती उंच होते ते कळते. अशी वस्तू विकायला हात धजत नाही, हे मी समजू शकतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात हत्यारे आणि पेंढा भरलेली जनावरे शेजारी शेजारी पाहताना हे विशेष जाणवते.

मग एकामागून एक सगळे गेले. १९५१ च्या सुमारास मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. पन्नास-साठच्या दशकांत नागपूरसारख्या ठिकाणच्या शिकार-कंपन्या परदेशी पाहुण्यांना इथल्या रानांत आणत होत्या, त्यामुळे काही बंदुकांना काम तरी होते. १९७१ मध्ये तनखे आणि सलाम्या गेल्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. बऱ्हाणपूरला लागून असलेला मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत होता. हे योग्यच झाले, उशिरा झाले असेच मी म्हणेन. पण वीस-बावीस वर्षांत एका वर्गाची जमीन, मान आणि रान तिन्ही गेली, आणि ज्या एका गोष्टीला या तिन्हींचा स्पर्श होता ती, बंदूक, तेवढी घरात राहिली. ज्या संग्रहांबद्दल हे पुस्तक आहे त्यांतले बरेचसे याच काळात ‘संग्रह’ झाले. त्याआधी ती नुसती घरातली हत्यारे होती.

पुढचे कायदे पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकांच्या संख्येला मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली. त्याच दशकात खासगी आयात बंद झाली, तेव्हापासून परदेशी बंदूक एकदा हातची गेली की तशी दुसरी मिळणे जवळजवळ अशक्य झाले. देशात तेव्हा मिळत त्या मुख्यतः सरकारी कारखान्याच्या ०.३१५ रायफली आणि ०.३२ रिव्हॉल्व्हर. साहजिकच जुन्या बंदुकांना आणखी मोल आले. २०१९ मध्ये नवी दुरुस्ती आली. मूळ विधेयकात माणशी एकच बंदूक होती, विरोध झाल्यावर दोन ठरल्या. जास्तीची बंदूक एका वर्षात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. वारशाने आलेल्या बंदुकीलाही दोनांतच बसवायचे. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला.

हवेतल्या बारांवरची बंदी मला अत्यंत गरजेची वाटते. आनंदात उडवलेल्या गोळीने नवरदेवाच्या वरातीतली माणसे मेली आहेत. दोनच्या मर्यादेबद्दलही माझी तक्रार नाही. कोणत्याही घराला स्वसंरक्षणासाठी तिसरी बंदूक लागत नाही. माझी हळहळ वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

निमाडातल्या एका मराठी घरात खंडेनवमीची पूजा पाहिली आहे. लाल कापडावर हत्यारे मांडली होती. मधोमध ठासणीची एक जुनी बंदूक, शेजारी तलवारी, एक जांबिया, बारा बोअरची दुनळी आणि एक रायफल. ठासणीची बंदूक कधीच उडणार नव्हती: घोड्याचा स्क्रू झिजून तो लुळा पडलेला, कानाशी भेग, गज हरवलेला आणि त्याच्या जागी कोणीतरी बांबूची काडी खोचलेली. पण हळदकुंकू आणि झेंडू पहिल्यांदा तिला. घरातले काका प्रत्येक हत्याराची हकीकत सांगत होते. ही लग्नात आली, ही अमक्या साहेबाने जाताना दिली, ही भाऊबंदकीच्या वाटणीत मिळाली, तिच्यासाठी विहिरीवरचा हक्क सोडला. कोणत्या बंदुकीने काय मारले हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. मी विचारलेही, तर ते म्हणाले, “ते काय, तेव्हा सगळेच मारायचे.” त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे घराण्याचा दस्तऐवज होता, आणि दस्तऐवजांत कोणी वर्गवारी करून दोनच ठेवा म्हटले तर माणूस जसा गांगरेल तसे ते त्या कायद्याने गांगरले होते. कोणत्या दोन ठेवल्या, हे मी विचारले नाही.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांच्या शस्त्रांचे दर्शन घडवतात. १७०८ मध्ये नांदेडकडे जाताना गुरू बऱ्हाणपुरात थांबले होते. तिथला बडी संगत गुरुद्वारा त्याची खूण आहे. नांदेडला हत्यार पूजेत आहे, पण ते साऱ्या पंथाचे आहे, कोणा एकाच्या कपाटातले नाही. ते कोणी काढून घेईल या भयाने कोणी दुसरे जमवत नाही.

बंदुकीला चिकटलेल्या मानाचे एक टोक २००८ मध्ये मध्य प्रदेशातच दिसले. शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली. पुरुषार्थ गेल्यासारखे वाटेल म्हणून पुरुष शस्त्रक्रियेला तयार होत नव्हते, तर त्याची भरपाई बंदुकीने करायची, असा तो विचार होता. अर्ज वाढले. मला या योजनेवर चिडण्यापेक्षा ती काढणाऱ्याला आपल्या जिल्ह्यातला माणूस किती नेमका कळला होता याचा जास्त विचार करावासा वाटतो.

आता बाहेरच्या जगाकडे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या अंदाजाने २०१७ अखेर जगभरात सामान्य नागरिकांकडे सुमारे ८५.७ कोटी बंदुका होत्या, त्यातल्या ३९.३ कोटी एकट्या अमेरिकेत. शंभर माणसांमागे एकशेवीस. पण त्या सारख्या वाटलेल्या नाहीत. २०१५ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले, की सुमारे तीन टक्के प्रौढांकडे देशातल्या जवळजवळ निम्म्या बंदुका आहेत, सरासरी माणशी सतरा. २०१७ मध्ये प्यू संस्थेने बंदूकधारकांना कारण विचारले, तेव्हा ६७ टक्क्यांनी संरक्षण हे मोठे कारण सांगितले, तर संग्रह म्हणून बाळगतो असे १३ टक्क्यांनी. आणि बंदी येणार अशी आवई उठली की तिथली खरेदी एकदम चढते. २०२० या एका वर्षात खरेदीआधीच्या तपासण्यांची संख्या ३.९७ कोटींवर गेली. आपल्याकडे मालगुजाराच्या वंशजाला जे वाटते, तेच तिथे टेक्सासमधल्या माणसाला वाटते आहे: नेतील, म्हणून आत्ताच घेऊन ठेवा.

संग्राहकाची बाजू घेताना त्याच अमेरिकेतली १ ऑक्टोबर २०१७ ची रात्र विसरता येत नाही. लास व्हेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गाण्याच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडून साठ माणसे मारली. त्याच्या खोलीत आणि घरांतून मिळून सत्तेचाळीस बंदुका निघाल्या, आणि त्यातल्या तीसहून अधिक त्याने आधीच्या वर्षभरात विकत घेतल्या होत्या. कागदोपत्री तोही मोठा खासगी साठाच. पण त्या बंदुकांना हकीकत नव्हती. वर्षभरात आणलेल्या तीस बंदुका आणि चार पिढ्यांत जमलेल्या तीस बंदुका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि फरक ओळखायचा सोपा उपाय म्हणजे मालकाला विचारणे, की ही कुठून आली. संग्राहक तासभर बोलतो. साठेबाज पावती दाखवतो.

आपल्याकडे खुनाची बंदूक बहुधा संग्रहातली नसतेच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलांतून. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्याच अंदाजाने भारतात नागरिकांकडे ७.११ कोटी बंदुका आहेत, त्यातल्या नोंदलेल्या फक्त ९७ लाख. सगळे कायदे, सगळे परवाने, दोनची मर्यादा, सगळे या ९७ लाखांवर चालते.

उरलेल्यांतला एक धागा बऱ्हाणपूर जिल्ह्यात येतो. खकनार तालुक्यात महाराष्ट्राच्या सीमेजवळ पाचोरी नावाचे गाव आहे (जळगावचे पाचोरा ते वेगळे). दाभोलकर-पानसरेंच्या खुनातल्या हत्यारांचा या गावाशी मी काहीही संबंध जोडत नाही, पण गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांत पोलिसांच्या कागदांवर पाचोरीचे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे, तसेच बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचे. इथली सिकलीगर शीख कुटुंबे आपली परंपरा गुरूंच्या फौजेला हत्यारे पुरवणाऱ्या कारागिरांपर्यंत नेतात. सगळे सिकलीगर हा धंदा करत नाहीत, हे ठासून सांगायला हवे. जे करतात ते भाता, हातोडी, कानस आणि छिन्नी यांवर करतात. गाडीचा स्टिअरिंग रॉड नळीसाठी घेतात, हाताने भोक पाडतात, आणि घोडा, स्प्रिंग, मॅगझीन सगळे डोळ्यांच्या मापाने जुळवतात. कारखान्यात तयार झालेले काडतूस त्यात बसावे लागते, म्हणजे चूक केसाएवढीही चालत नाही. पकडले गेले तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

हे पिस्तूल ज्याच्या हातात पडते तो माणूस मारतो आणि ते नदीत फेकतो. कोणी ते जमवत नाही. अबुल फझलच्या यादीत ज्याचे नाव बंदुकीवर कोरायचे होते, त्या कारागिराचा आजचा वारस आपल्या कामावर खूण उमटू नये याची काळजी घेतो. एकीकडे उडत नसलेल्या बंदुकीला हार घालणारे घर, दुसरीकडे आयुष्यभर बंदुका घडवून स्वतःच्या नावे एकही परवाना नसलेले घर, आणि दोन्ही एकाच तालुक्याच्या आसपास. संग्रहांचा अभ्यास करणाऱ्याने या दुसऱ्या घराकडे पाठ फिरवू नये असे मला कळकळीने वाटते. या लोकांना अंबरनाथ किंवा जबलपूरच्या शस्त्रकारखान्यांत, निदान लेथ-मिलिंगच्या कामांत सरळ वाट मिळाली असती, तर पोलिसांचे छापे जे गेली कित्येक वर्षे करू शकले नाहीत ते झाले असते.

आता ती हळहळ. २०२० अखेर देशभर जमा झालेल्या बंदुका ठाण्यांच्या मालखान्यांत आणि विक्रेत्यांच्या गोदामांत गेल्या. मालखान्यात दमट हवा असते, तेल कोणी देत नाही. नळीला आतून गंज धरायला एक पावसाळा पुरतो. त्यांत काही बंदुका शंभर वर्षांहून जुन्या असणार, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या. कायमची निकामी आणि केवळ पुरातन मोलाची हत्यारे शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ने परवान्यातून सुटतात, पण हे घरोघरी माहीत नाही, आणि ठाण्यातल्या हवालदाराने ते कसे ठरवावे? पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, हत्यारे असे वीस हजारांहून अधिक नग जमवून राज्याला देऊन टाकले. बंदुकांच्या बाबतीत असे देऊन टाकणे सोपे करणारी यंत्रणा बहुतेक जिल्ह्यांत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात शस्त्रदालन आहे, तिथले जाणकार वर्षातून एकदा जरी जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन मालखाना पाहतील, तरी पुष्कळ वाचेल.

तोपर्यंत ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी एवढे करावे. जमा करण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. नळीवरचे आणि कळीच्या पट्टीवरचे प्रत्येक अक्षर, ठसा, आकडा उतरवून घ्यावा, तो वाचता आला नाही तरी. नळीची लांबी, तोंडाचा व्यास, दस्त्याचे लाकूड लिहावे. परवाना पहिल्यांदा कोणाच्या नावे आणि कोणत्या साली होता हे जुन्या पुस्तिकेतून काढावे. ती कोणाकडून आली, कोणी दुरुस्त केली, त्या लोहाराचे किंवा सिकलीगराचे नाव कोणाला आठवते का हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच्याच शब्दांत टिपावे. या वहीची एक प्रत घरात ठेवावी आणि एक जवळच्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्यावी.